वर धरलेली मूठ

“शेवटी शेवटी विरक्तीच आली होती हो जयंतला,” कॅप्टन सामंत हॉलमध्ये कुणाला तरी सांगत होते. “सात वर्षं ज्याच्यासाठी न्यूझीलंडला खेटे घातले, तो मासा समोर उभा. आणि ह्यानं गळ टाकला नाही. दोरी गुंडाळली, परत आला. कुणाला जमेल?”

मी स्वयंपाकघराच्या दारात ताटांची चळत धरून उभी होते. तुमच्या तेराव्याची पहिली पंगत उठली होती. मी ताटं आत नेत होते, म्हणजे मला हॉलमध्ये बसावं लागणार नव्हतं. मी हे कसं करते ते तुम्हाला माहीत आहे. माणसं जमली की मी काहीतरी उचलते.

काका, तुम्ही असतात तर कॅप्टनना तिथेच अडवलं असतंत. गळ काय म्हणतोस रे, इतकी वर्षं बरोबर येऊनही, माशी म्हण. गळ टाकून बसतात ते वेगळे, आपण माशी टाकतो, उभ्यानं. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली नखाएवढी खोटी माशी, पाण्यावर अशी उतरली पाहिजे की माशाला वाटावं, ही आत्ताच उडत आली. आणि ‘विरक्ती’ ऐकून तुम्ही हसला असतात. घरी पापलेट केलं की दुसऱ्याच्या ताटातलं डोकं मागून घेणारे तुम्ही.

मी आत येऊन ताटं ओट्यावर ठेवली. कॅप्टन जे सांगत होते ते मी लिहिलेलं होतं. तुमच्या माशांच्या वहीत, तुमच्या सांगण्यावरून, माझ्या अक्षरात. काकूंनी ती वही आलेल्या प्रत्येकाला दाखवली. “अक्षर अनुजाचं आहे,” त्या सांगायच्या, “ह्यांना आताशा बारीक दिसत नव्हतं.”

ती गोष्ट खोटी आहे. तुम्ही माशी टाकली नाहीत, कारण तुम्हाला हात वर नेता येत नव्हता. हे आपल्या दोघांना माहीत होतं. आता मला एकटीला माहीत आहे, आणि तेरा दिवस मला त्याची इतकी भीती वाटत होती की मी घरात पावलं न वाजवता चालत होते.

तीन वर्षांपूर्वी मी नोकरीसाठी सिंगापूरला आले तेव्हा बाबांनी तुम्हाला फोन केला. तुम्ही त्यांचे शाळेतले मित्र, कोकणातल्या एकाच गावचे. बाबा पुण्याला गेले आणि तुम्ही बोटीवर. यिशुनच्या तुमच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत मी दोन महिने राहणार होते, राहिले ती आजपर्यंत. पहिल्याच आठवड्यात तुम्ही काकूंना विचारलंत, “ही बोलते का गं?” मी दाराआड होते. काकू म्हणाल्या, “बोलते की. काल मला दोनदा थँक यू म्हणाली.”

तुम्ही तेव्हा सेम्बावांगच्या शिपयार्डमधून नुकते निवृत्त झाला होतात. संध्याकाळी ब्लॉकच्या मागे मोकळ्या गवतावर मासे धरायची काठी घेऊन उभे राहायचात. दोरीच्या टोकाला माशीऐवजी लाल लोकरीचा तुकडा. इथे सरकारी पाटी असेल तिथेच मासे धरायचे, पण गवतावर लोकर फेकायला कुणाची हरकत नव्हती. कुत्रा फिरवणारे एक चिनी आजोबा रोज न चुकता विचारायचे, “अंकल, टुडे कॅच व्हॉट? ग्रास फिश आह?” आणि तुम्ही रोज न चुकता उत्तर द्यायचात, “टू स्मॉल लाह. लेट गो ऑलरेडी.” मी बाकावर बसून बघायचे. एकदा मी म्हणाले, “काका, काठी मागे नेताना तुमची दोरी गवताला लागते.” तुम्ही वळून पाहिलंत. मी तुमच्याशी बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य असावं. तुम्ही दुरुस्त केलंत, पुन्हा फेकलंत, आणि मग विचारलंत, “आणखी काय काय दिसतं तुला?”

त्यानंतर मला जेवणाच्या टेबलावर बढती मिळाली. तुम्ही माश्या बांधायचात आणि मी हुकाच्या बारीक डोळ्यात दोरा ओवायचे. काकू म्हणायच्या, “टेबलावर कोंबड्याची पिसं आणि ताटात दुधी. असलं घर कुठे बघितलंत?” आणि मासा धरून परत पाण्यात सोडायचा, हे तर त्यांना कधीच पटलं नाही. “एवढं विमानाचं तिकीट काढून जायचं, मासा धरायचा, त्याचा फोटो काढायचा आणि नमस्कार करून सोडून यायचं. आमच्या गावात असल्या माणसाला मुलगी दिली नसती कुणी.” “दिली ना पण,” तुम्ही म्हणायचात. “फसवून,” काकू म्हणायच्या.

कॅप्टन सामंतांचे गुडघे गेले आणि तुमचा जोडीदार गेला. काकूंनी सांगून टाकलं, न्यूझीलंडला एकटं जायचं नाही. तेव्हा तुम्ही माझं नाव घेतलंत. मला वाटलं, थट्टा आहे. मी कधी नदीत पाय घातला नव्हता. काकूंनी विमानतळावर मला बाजूला घेतलं आणि माझ्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत वर ओढत म्हणाल्या, “तुझे डोळे चांगले आहेत. ह्यांच्यावर लक्ष ठेव गं. माशांवर ते ठेवतील.”

हे वाक्य मी तेरा दिवसांत किती वेळा ऐकलं ते सांगता येणार नाही. काकू ते पुन्हा एकदाही म्हणाल्या नाहीत. मला ते आपोआप ऐकू येत होतं.

तिकडच्या त्या ओढ्याला वहाळ म्हणायचं, क्रीक म्हणायचं नाही. क्रीक म्हणजे आपल्याकडे खाडी, हा वहाळ, शाळेच्या मागे होता तसा. हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी बजावलंत. दोन ढांगांत ओलांडावं एवढं पाणी, काचेसारखं, आणि मैल मैल चालल्यावर एखाद्या डोहात एकच ट्राउट मासा, म्हातारा, माझ्या हाताएवढा लांब. एवढ्याशा पाण्यात एवढा मोठा मासा राहतो हेच मला खरं वाटलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, “भित्रा आहे म्हणून एवढा मोठा झाला. शूर होते ते लहानपणीच गेले.” मासा येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून उभा असतो, म्हणून आपण मागून जायचं, खालून वर. तुम्ही पाण्यात, मी वर काठावर. पाण्यातल्या माणसाला चकाकीमुळे मासा दिसत नाही, काठावरच्याला दिसतो. वरच्यानं बघायचं आणि खालच्याला सांगायचं. एकदाच फेकायला मिळतं. चुकलं की मासा त्या दिवसापुरता संपला.

“मला का आणलंत?” मी विचारलं होतं.

“कारण तू भितेस. भिणाऱ्याला सगळं आधी दिसतं.”

मला खूप बरं वाटलं होतं तेव्हा. माझ्या भित्रेपणाचा कुणाला उपयोग होईल असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून होतं, आणि ते तसंच राहिलं. तुम्ही म्हणायचात, ओरडून सांग. मासा माणसाचा आवाज ऐकत नाही, पाऊल ऐकतो. काठावर पाय आपटला की गेला. बोललेलं पाण्यात पोचत नाही. “तू तिथे आरती म्हटलीस तरी तो हलणार नाही. मी ऐकीन एवढंच.” मी ऐकलं नाही. मी हातांच्या खुणा ठरवल्या. पूर्ण हात घड्याळाच्या काट्यासारखा, अकरा वाजता, एक वाजता. बोटं म्हणजे अंतर, एका बोटाला पाच फूट. आणि मूठ म्हणजे थांबा. मासा वळला, त्याला शंका आली, की मी मूठ वर करायची आणि मूठ खाली येईपर्यंत तुम्ही हलायचं नाही, काठी जिथे असेल तिथेच धरायची. तुम्ही कुरकुरायचात, “दर वेळी मान वळवून तुझ्याकडे बघायचं, आणि मग पाण्याकडे. मान काय घुबडाची आहे माझी? ओरड की.” पहिल्या वर्षी एकदाही ओरडले नाही. यंदाही नाही. घरी आल्यावर तुम्ही काकूंना सांगायचात, “पोरीनं खुणांनी तीन मासे दाखवले. तोंड उघडलं ते फक्त जेवायला.”

त्या दिवशी आपण सकाळपासून चालत होतो. गाडी फार मागे राहिली होती, मेंढ्यांच्या कुंपणाच्या फाटकापाशी. फोन लागत नव्हता. मी पिवळ्या गवतात गुडघ्यांवर होते, तुम्ही खाली मांडीभर पाण्यात, ती छातीपर्यंतची रबरी पँट घालून. आणि मला तो दिसला. आधी सावली दिसली, मग सावलीच्या वर तो. मी पाहिलेला सगळ्यात मोठा. हात अकरावर, चार बोटं. तुम्ही काठी उचललीत, दोरी मागे गेली, आणि तेवढ्यात तो वळला. मी मूठ वर केली.

तुम्ही थांबलात. काठी अर्धी वर, डावा हात छातीशी.

मासा काठाच्या मुळांखाली गेला. मी त्या काळोख्या जागेवरून नजर काढली नाही. थोड्या वेळानं त्याचं डोकं बाहेर आलं. परत आत. मी मूठ धरून होते. एकदा तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मान वळवून माझ्याकडेच बघत होतात, माझ्या मुठीकडे. तुमचं तोंड पांढरं पडलं होतं आणि डावा हात रबरावर रुतला होता. मला वाटलं, तुम्हीही माझ्यासारखा श्वास रोखला आहे. खरं लिहायचं तर मला अभिमान वाटला. सत्तरीला आलेला माणूस इतका वेळ पुतळ्यासारखा उभा राहतो, माझ्या एका मुठीसाठी. मी परत माशाकडे बघायला लागले.

तो हळूहळू डोहाच्या मध्यावर आला, त्यानं तोंड उघडलं, आतला पांढरा रंग दिसला. मग मी मूठ खाली घेतली, हात अकरावर, चार बोटं. तुम्ही फेकलं नाहीत. काठी खाली खाली येत गेली, तिचं टोक पाण्यात बुडालं, मासा बाणासारखा गेला, आणि तुम्ही मागच्या दगडावर बसलात. पाणी तुमच्या कमरेच्या वर आलं.

तेव्हाही मी ओरडले नाही. धावलेही नाही. काठ उतरून तुमच्याकडे आले ती पावलं न वाजवता, कारण तसंच शिकले होते. मासा गेला होता आणि मी अजून माशाला जपत होते.

“गेला?” तुम्ही विचारलंत.

“हो.”

“मोठा होता?”

“खूप.”

“ऍसिडिटी आहे. सकाळी ते ‘मीट पाय’ खाल्लं ना, मटणाच्या करंजीसारखं. तुला म्हणालो होतो, शिळं आहे.”

“हात का धरलाय?”

“खांदा भरलाय. बस जरा. बघू नकोस अशी, जेवण आटोपलेल्या मांजरासारखी.”

आपण गवतात बसलो. ऊन होतं तरी तुमच्या कपाळावरचा घाम गार होता. रुमालानं तो पुसताना माझ्या बोटांना कळलं. किल्ली तुमच्या खिशात होती आणि मला गाडी चालवता येत नव्हती. फाटक कोणत्या बाजूला हेही मला नक्की सांगता आलं नसतं, मी दिवसभर फक्त पाणी पाहिलं होतं. मी मनात एक वाक्य तयार करत होते, फोन लागला तर बोलायचं, इंग्रजीत, आपण कुठे आहोत ते सांगणारं. त्या वाक्यात घालायला मला एकाही जागेचं नाव माहीत नव्हतं. एवढी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती. वरून मेंढ्या बघत होत्या.

तासाभरानं तुमचा रंग परत आला. तुम्ही उठलात, टोपीला ती न वापरलेली माशी टोचलीत आणि म्हणालात, “काकूला सांगू नकोस हं. पुढच्या वर्षी पाठवायची नाही.”

मी काही बोलले नाही. तुम्ही ते हो समजलात. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ सगळे हो असाच घेतात, मी कुणाला दोष देत नाही.

संध्याकाळी खोलीवर तुम्ही वही काढलीत आणि मला सांगितलंत, “लिही. मोठा ट्राउट दिसला. माशी टाकली नाही. राहू दिला.” मी पेन थांबवलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. “लिही ना,” तुम्ही म्हणालात, आणि तुमचा आवाज इतका मऊ होता की मी लिहिलं. मला आता वाटतं, तुम्हालाही भीती वाटत होती. तसं असेल तर आपण दोघं एका टेबलाशी बसून, एकमेकांपासून लपवून, एकाच गोष्टीला भीत होतो.

परत आल्यावर अडीच आठवडे तुम्ही होतात. ते मी कान लावून काढले. तुम्ही सकाळी चपला घालून खाली जायचात, तर लिफ्टचा आवाज येईपर्यंत मी खोलीत उभी राहायचे. माश्या बांधताना तुमचा श्वास मोजायचे. पुंगोलच्या ऑफिसात मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. दिसली की लिहून द्यायची, पुढे कुणीतरी दुरुस्त करतं, बोलावं लागत नाही. तिथे बसून मी तुमची लक्षणं शोधली, वाचली आणि ते पान बंद केलं. एकदा तुम्ही खाली गवतावर होतात आणि काकू आमटीला फोडणी देत होत्या. मी म्हणाले, “काकू.”

“काय गं?”

सगळं सांगायचं ठरवूनच आले होते. “मीठ कमी आहे,” मी म्हणाले.

“चाखलंस कधी?”

“वासावरून.”

“वासावरून मीठ कळणारी तू पहिलीच,” त्या म्हणाल्या, आणि चिमूटभर मीठ घातलं. जेवताना तुम्ही म्हणालात, आमटी खारट झालीय.

तुम्हाला शब्द दिला म्हणून मी गप्प राहिले असं मी म्हणू शकते. पण मी शब्द दिला नव्हता. मला भीती होती की सांगितलं तर तुम्ही मला पुन्हा नेणार नाही. तुम्ही गवतावर उभे राहून “आणखी काय दिसतं?” असं विचारणं बंद कराल. जगात एकाच माणसाला माझ्या डोळ्यांचं काम होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

मग तो दिवस. आपल्या ब्लॉकच्या लिफ्टचं काम चाललं होतं. काकूंनी तुम्हाला तांदूळ आणायला सांगितले. पाच किलोची पिशवी खांद्यावर घेऊन तुम्ही चार मजले चढलात, पिशवी ओट्यावर ठेवलीत, म्हणालात, “घे तुझा डोंगर,” आणि कुंड्यांना पाणी घालायला बाहेर गेलात. मी घरी पोचले तेव्हा बाहेर झारी आडवी पडली होती आणि कॉरिडॉरभर पाणी होतं.

तेव्हापासून काकू एकच गोष्ट सांगतात. बाबांना फोनवर, कॅप्टनना, शेजारच्या मलय बाईंना, तुमच्या मुलाला, अभयला, जो लंडनहून आला आणि रजा संपली म्हणून आठ दिवसांनी डोळे पुसत परत गेला. “लिफ्ट बंद होती, मला माहीत होतं. तांदूळ दुसऱ्या दिवशी आणले असते तर उपाशी का मेलो असतो? ह्यांना काही नव्हतं हो. कधी दुखलं नाही, खुपलं नाही. मी चढायला लावलं.” त्या पिशवीतला तांदूळ त्यांनी शिजवला नाही. दुसरा आणवला. ती पिशवी अजून बांधलेली ओट्याखाली आहे आणि मी रोज तिच्या शेजारी उभी राहून चहा करत होते.

तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, “काकू, तुमची चूक नाही.”

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. “तुला काय माहीत, बाळा.”

मला काय माहीत होतं ते मी सांगितलं असतं तर तांदळाची पिशवी त्यांच्या मानेवरून उतरली असती. पण त्यांनी लगेच विचारलं असतं, अडीच आठवडे? तू अडीच आठवडे माझ्या हातचं जेवलीस आणि सांगितलं नाहीस? मला कळलं असतं तर मी ह्यांना पाण्याची बाटली उचलू दिली नसती. आणि मग ते विमानतळावरचं वाक्य. काका, मी हे सगळं त्यांच्या आवाजात ऐकत झोपत होते. त्यांनी मला जायला सांगितलं तर कुठे जायचं ह्याचाही विचार करत होते. तुमच्या जाण्याच्या दुःखात मी भाड्याच्या खोल्या बघत होते, हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

अस्थी सोडायला आम्ही बोटीतून गेलो. इथे त्यालाही ठरलेली जागा आहे. परत येताना कॅप्टन म्हणाले, “जयंत म्हणाला असता, मासे धरायला पाटी, अस्थी टाकायलाही पाटी. हा देश माणसाला हरवू देत नाही.” काकू त्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. हसता हसता थांबल्या आणि समुद्राकडे बघत म्हणाल्या, “त्या दिवशी तांदूळ नसते आणले तर.” मी कठडा धरून उभी होते. पाण्याला मी पूर्वी भीत होतेच, पण त्या दिवशी मला पाण्यापेक्षा त्या वाक्याची जास्त भीती वाटली. ते दर वेळी थोडं लहान होत होतं. एक दिवस काकू ते बोलायच्या थांबतील आणि मग ते त्यांच्या आतच राहील, असं मला दिसत होतं.

एक गोष्ट तुम्हाला विचारायची राहिली आणि आता ती कोणीच सांगू शकत नाही. तुम्ही पाण्यात उभे होतात ते माझी मूठ वर होती म्हणून, की दुखत होतं म्हणून? दुखायला लागल्यावरही तुम्ही माझ्या मुठीकडे बघत होतात. ती खाली यायची वाट बघत होतात का? मी ओरडणारी असते तर तुम्हाला मान वळवावी लागली नसती. आणि तुम्ही ओरडला असतात तर? तुम्हीच म्हणायचात, मासा आवाज ऐकत नाही. मग तुम्ही का नाही ओरडलात, काका? मला राग येतो तुमचा. दिवसातून एकदा तरी येतो, आणि मग गवतावरची लाल लोकर आठवते आणि जातो. तुमच्याआधी पंचवीस वर्षं मला कोणी विचारलं नव्हतं की तुला काय दिसतं. तुम्ही विचारलंत, ह्यासाठी मी तुम्हाला कधीच काही म्हटलं नाही. थँक यू काकूंना म्हणायचे, तुम्हाला नाही.

तुमची टोपी आता माझ्या टेबलावर आहे, ती माशी अजून तिला टोचलेली. माशावर कधीच न टाकलेली, पिसं जशीच्या तशी. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी ती माझ्या दारात ठेवली आणि न बोलता निघून गेल्या. तो राग आहे की आणखी काही, मला अजून कळलेलं नाही. जेवायला हाक मारतात. मी जाते. आम्ही दोघी तुमची खुर्ची रिकामी सोडून बसतो.

पण तेराव्याचं सांगायचं राहिलं. मी ताटं ओट्यावर ठेवली. नळ सुरू होता, वरचा धुराचा पंखा घरघरत होता. काकू ताटं विसळत होत्या आणि सामंत काकू पुसत होत्या. हॉलमधून कॅप्टनचा आवाज येत होता, विरक्ती, विरक्ती. सामंत काकू म्हणाल्या, “नीला, ऐकलंस का, किती चांगलं बोलतायत सगळे त्यांच्याबद्दल.” आणि काकू ताटाकडे बघत म्हणाल्या, “चांगलंच बोलणार. तांदूळ मी आणवले ना.”

मी बोलले. मला वाटलं मी बोलले.

“काय?” काकूंनी मान वळवली. “पंखा चालू आहे गं. मोठ्यानं बोल.”

ओरड की, तुम्ही म्हणाला असतात. हॉलमध्ये दुसरी पंगत बसली होती, दार उघडं होतं, मोठ्यानं म्हटलं तर सगळ्यांना ऐकू जाणार होतं. माझा उजवा हात छातीशी आला होता आणि त्याची मूठ वळली होती. कधी वळली ते मला कळलं नव्हतं. काकू तिच्याकडे बघत होत्या. मी मूठ खाली घेतली.

“काकू, तांदळामुळे नाही,” मी म्हणाले, आणि हॉलमधले आवाज थांबले. “काकांना तिकडे वहाळातच छातीत दुखलं होतं. मी बघितलं होतं, आणि तुम्हाला सांगितलं नाही.”